चिंचेने उजळलेले नाणे

सांगा मंडळी, भरवसा कोणाचा धरावा? उजळवतो म्हणणाऱ्याचा, की डाग राहू दे म्हणणाऱ्याचा?

नाणी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. केशरकाकूंना देशोदेशीची दोन धातूंची नाणी जमवायचा नाद. त्यांच्या डबीत दहा रुपयांची दोन जुळी नाणी होती, पितळी कडे आणि रुपेरी पोट. इटलीतल्या एका बाईंशी अदलाबदल ठरली होती. त्यांतले एकच उद्या पाकिटातून जाणार होते. त्यांतल्या धाकट्याच्या, कडे आणि पोट जुळतात त्या जोडावर काळा डाग. "बाई नाक मुरडतील, मग मी जन्मभर इथंच!" तो कुरकुरला.

देवाची उपकरणी घासायला भिजवलेली चिंच म्हणाली, "ये रे राजा, नवरदेवासारखा करते."

"जाऊ नकोस," थोरला कळवळला. "डाग म्हणजे आपलं वय. ही वयासकट कातडी सोलते."

"तू तर माझ्याहून काळा, तू सांगणार!" म्हणत धाकटा घरंगळत चिंचेत जाऊन लोळला.

सकाळी काकूंनी भिंग लावले आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगंबाई, हे कुणी घासलं? संग्रहात आता याला मोल नाही."

"घाल तेच पाकिटात," काका म्हणाले. "सातासमुद्रापलीकडं त्यांना काय कळतंय!"

धाकटा पाकिटाकडे सरकला.

"मला कळतंय ना," म्हणत काकूंनी थोरल्याला उचलले.

धाकटा भाजीच्या पैशांत गेला. तिथेही भाजीवाली म्हणाली, "काकू, दहाची नोट नाही का?"

तेव्हा मंडळी, भरवसा धरावा तो डाग राहू दे म्हणणाऱ्याचा; आणि गिऱ्हाईक दारातले असो की परमुलखातले, हिशेब तेवढा खरा ठेवा.