भुंग्याचा पिंड

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. मोठा शूर, आणि तेवढाच आडमुठा. त्याच्या देवघरात रोज हार पुरवायची कमळजा फुलारीण. कमळजेला ना नवरा ना मूल. होता तो एक भुंग्या, काळाभोर कुत्रा, चौदा वर्षं तिचा उंबरा राखणारा.

भुंग्या आजारी पडला. पोट फुगलं, अन्न सुटलं. कमळजा राजवैद्याच्या पाया पडली. वैद्य म्हणाला, "श्वानाची नाडी आमच्या शास्त्रात नाही." अरे, नसेल शास्त्रात! ओसरीवर येऊन नुसतं पाहिलं असतं, तर शास्त्र काय बाटणार होतं? चाळीस दिवस तिने त्याला बोटाने पेज चाटवली. एक्केचाळिसाव्या दिवशी त्याने तिचा हात चाटला, मांडीवर डोकं ठेवलं आणि तो गेला.

तो हात चाटणं कमळजेच्या जिवाला लागलं. काय मागत होता तो? आपल्या हातून काय राहिलं? माणूस गेलं की दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवला की समजायचं, जिवाची इच्छा उरली नाही. म्हणून दहाव्या दिवशी तिने नदीकाठी भाताचा पिंड ठेवला. कावळा उतरायच्या आत शिपाई आले आणि पिंडासकट तिला दरबारात घेऊन गेले.

"कुत्र्याला पिंड?" राजा गरजला. "धर्म बुडवतेस?"

"महाराज, माझं माणूस गेलंय."

दरबार खो खो हसला. राजा म्हणाला, "कुत्राच ना? दुसरा पाळ. उद्या हार वेळेवर हवा." आणि त्याने पिंड उकिरड्यावर टाकायला लावला. सांगतानासुद्धा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

खिडकीत कावळ्यांचा राजा बसला होता. तो माणसाच्या वाणीने बोलला, "वज्रसेना, भुंग्याला पिंड नाही, तर या राज्यात कोणालाच नाही." एवढं बोलून तो उडाला आणि त्याच्यामागे राज्यातले सगळे कावळे उडाले.

वर्ष लोटलं. घाटावर पिंड ठेवावेत आणि ते वाळून जावेत. लोक रडत राजाकडे आले. राजा म्हणाला, "कावळ्यांचं काय एवढं मनावर घेता?" मग त्याची स्वतःची आई गेली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. राजा घाटावर हात जोडून म्हणाला, "आई, सोन्याचं देऊळ बांधतो. आई, हजार गाई दान करतो." आभाळात पंख हलला नाही.

तेव्हा राजा, सगळे कावळे जिथे जाऊन बसले होते, त्या काळ्या डोंगरावर गेला. कावळ्यांचा राजा वडावर बसला होता. तो म्हणाला, "तीन कामं कर. पहिलं, सात फण्यांच्या नागाचा मणी आण." राजाने तो आणला. "दुसरं, आगीच्या विहिरीतलं थंड पाणी आण." राजाने तेही आणलं, मिशीचा केस करपू दिला नाही. "तिसरं. भुंग्या शेवटच्या दिवसांत काय खात होता, ते सांग."

राजाचा हात तलवारीवर गेला आणि तिथेच थांबला.

तो कमळजेच्या दारी एकटा आला. कमळजेने बसा म्हटलं नाही.

"फुलारणी, तुझा भुंग्या शेवटी काय खात होता?"

"वर्षभरात पहिल्यांदा कोणी विचारलं," ती म्हणाली. "तेही स्वतःचं अडलं म्हणून."

"होय. अडलं म्हणून," राजा म्हणाला.

दार लावून घ्यावं असंच तिच्या मनात होतं. पण भुंग्याचं नाव ओठांवर आलं आणि ती बोलत सुटली. "पेज नुसती घेत नसे. दोन थेंब ताक लागे. तेही डाव्या हाताच्या बोटावरून. उजव्या हाताला पाल्याच्या औषधाचा वास येई, तर तोंड फिरवी." ऊन कलेपर्यंत ती सांगत राहिली, आणि राजा उंबऱ्याबाहेर उभा राहून ऐकत राहिला.

डोंगरावर जाऊन त्याने सगळं सांगितलं.

"बरोबर," कावळा म्हणाला. "आणि तुझी आई शेवटी काय खात होती?"

सहा महिने आई अंथरुणावर होती. वैद्य ठेवले होते, दासी ठेवल्या होत्या. राजा दारातूनच विचारून परत फिरायचा.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडला.

"हेच तिच्या पिंडाला सांग."

राजाने घाटावर जाऊन तेच सांगितलं, आणि कावळा शिवला. राज्यातले सगळे कावळे परतले. राजवैद्याला हुकूम झाला : दारी आलेल्या मुक्या जिवाची नाडी आधी, राजाची नंतर. राजा कमळजेकडे जाऊन म्हणाला, "बाई, माझं चुकलं."

"चुकलंच," कमळजा म्हणाली. तिने माफ केलं नाही, आणि का करावं?

मग ती भात घेऊन नदीवर गेली. काय वचन द्यावं, तिला सुचेना. तिने पिंड ठेवला, आणि हात मागे घ्यायच्या आत कावळा शिवला.

"म्हणजे तू काही मागत नव्हतास रे," कमळजा म्हणाली.

तिचा भुंग्या जसा निवला, तसे घरोघरचे मुके जीव निवोत.