विश्राम मेस्त्रीची धार

"पण दगडाला न लावता चाकूला धार येईल का, बुवा?"

बुवांनी हातातली अर्धी कोरलेली पळी खाली ठेवली.

"जेवल्याशिवाय ढेकर येईल का?"

मी फिस्सकन हसलो. पाहुणा हसला नाही.

आमचे बुवा म्हणजे घाटाखालच्या महादेवाच्या देवळामागं राहणारे म्हातारे. लाकूड कोरायचे. नुसते नावाला बुवा. कुणी अंगारा मागायला आलं, तर त्याच्या हातावर भुसा ठेवायचे आणि म्हणायचे, "चूल पेटव जा, गुण येईल." मी त्यांच्याकडं शिकायला राहिलो होतो. पाहुणा आला तेव्हा कोपऱ्यात बसून लाकूड तासत होतो. कान मात्र तिकडंच.

पाहुण्याचं नाव सदानंद. चाळिशीचा, शहरातला, कडक इस्त्रीचा सदरा. आल्या आल्या त्यानं चटईवर कापड पसरलं आणि त्यावर एकेक चाकू मांडला होता. सगळे जुने, घडीचे, खिशात मावणारे. शिंगाच्या मुठी, पितळी मुठी, एक तर चंदनाची. जत्रांतून, जुन्या बाजारांतून, कारागिरांच्या घरांतून जमवलेले.

"सगळ्यांना मी स्वतः धार लावतो," तो म्हणाला. "अशी धार तुम्हाला दुसरीकडं बघायला मिळायची नाही."

एक चाकू उघडून त्यानं मनगटावरून हलकेच फिरवला. केस साफ.

"केस काढायला आमच्या गावात न्हावी आहे," बुवा म्हणाले. "ह्या चाकूंनी काही कोरलंस का?"

"कोरलं... नाही. मी जपतो."

"छान. मग धारेचं मला कशाला विचारतोस? तुला तर येते."

सदानंदनं आतल्या खिशातून रुमाल काढला. रुमालात आणखी एक चाकू होता. साधा, लाकडी मुठीचा. पात्यावर तांबूस गंज.

"हा एकच राहिलाय. माझ्या बाबांचा. विश्राम मेस्त्री... तुमच्याकडंच शिकले ना ते?"

बुवांचा हात अर्ध्यावर थांबला.

"विश्रामचा मुलगा तू? कसा आहे तो?"

"गेले ते. गेल्या शिमग्यात."

देवळात कुणीतरी घंटा वाजवून गेलं. तिचा आवाज पुरता विरेपर्यंत बुवा तसेच बसून होते.

"विश्राम गेला..."

मग दोन्ही हातांनी तो चाकू घेऊन त्यांनी कपाळाला लावला.

"गेले त्या सकाळी त्यांनी ह्याला धार लावली होती," सदानंद सांगू लागला. "ती त्यांच्या हातची शेवटची. तेल लावतो, पुसतो, तरी पावसाळ्यात गंज धरलाच. दगडाला लावला तर गंज जाईल, पण त्यांची धारही जाईल. मग माझ्याकडं बाबांचं काय राहिलं? तुम्ही त्यांचे गुरू. म्हणून विचारतो, काही उपाय आहे का?"

मघाचा तोरा कुठल्या कुठं गेला होता. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

बुवांनी चाकू मिटला.

"ही मूठ मी केलेली. विश्राम शिकून निघाला तेव्हा हा चाकू त्याला दिला. तेव्हा पातं ह्या खाचेत गच्च भरून बसायचं. आता बघ."

त्यांनी चटईवरचं एक सालपट उचललं आणि पात्याखाली खाचेत सरकवलं. ते अलगद आत गेलं. बापाच्या सदऱ्यात पोर शिरावं, तसं ते पातं आत सैल पडलं होतं.

"बाकीचं पातं कुठाय?"

"झिजलं."

"कशानं झिजलं?"

"बाबा कोरायचे ना. लाकडाचे बैल. जत्रेत विकायचे."

"त्यातला एखादा आहे घरी?"

"नाही हो. एकूण एक विकले."

"विकून काय केलं?"

"काय करणार... मला शिकवलं. वसतिगृहात ठेवलं. कॉलेज..."

"मग विश्रामनं पातं झिजवलं, त्याचं उरलं काय?"

सदानंद स्वतःच्या इस्त्रीच्या बाह्यांकडं बघत राहिला.

"...मी," तो म्हणाला.

बुवांनी नुसती मान हलवली.

"आणि मी कधी त्यांच्या शेजारी बसून साधं एक सालपट काढलं नाही, बुवा. म्हणायचे, ये, बस जरा. मला वेळच नसायचा. ते गेल्यावर हे चाकू जमवत सुटलो."

"बरं केलंस. चाकू वाईट नाहीत." बुवा उठले. "चल."

अंगणात शिवणीचं झाड आहे. कवेत मावणार नाही एवढं. त्याच्या बुंध्याशी आमचा धारेचा दगड असतो. मधे झिजून खोलगट झालेला. आमच्याकडं रीत अशी, की धार लावताना दगडावर जे काळं पाणी होतं ते फेकायचं नाही. ह्याच झाडाच्या मुळाशी ओतायचं. सगळे शिष्य ओतत आलेत. मीही ओततो.

"विश्राम आला तेव्हा हे झाड त्याच्या गुडघ्याला लागायचं," बुवा म्हणाले. "रोज सकाळी धार लावायचा आणि पाणी इथं द्यायचा. त्याचं लोखंड प्यायलंय हे."

सदानंदनं बुंध्याला हात लावला. लावला तो काढलाच नाही.

"आता तुझं तू ठरव. हे पातं झिजणार हे नक्की. तू नाही झिजवलंस, तर गंज झिजवेल. झाडाला द्यायचं, का गंजाला?"

मी तासायचं सोडून त्यांच्या मागोमाग अंगणात आलो होतो. मनात म्हणत होतो, बस रे बाबा, बस एकदा.

सदानंद बसला. चांगल्या विजारीनिशी मातीत बसला.

बुवांनी दगडावर पाणी शिंपडलं आणि नेहमीसारखे दगडाला म्हणाले, "झिजवतो रे तुला, रागावू नको."

सदानंदही तेच पुटपुटला. मग त्यानं पातं टेकवलं. पहिला हात फिरवताना त्याचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्याला उघडले. पुढं मात्र तो थांबला नाही. खरंच हात होता गड्याला, खोटं कशाला बोला. गंज सुटला, पाणी काळं झालं, आणि पातं उजळून आलं.

ते काळं पाणी त्यानं दोन्ही हातांनी मुळाशी सोडलं आणि तिथंच डोकं टेकलं.

"बाबा, लई केलंत हो माझ्यासाठी," तो म्हणाला. "एकदाही म्हणालो नाही मी तुम्हाला."

बुवांनी त्याला रडू दिलं. मग वळचणीतून एक वाळलेला ओंडका काढला. ह्याच शिवणीची, वादळात मोडलेली फांदी होती ती.

"घे. कोर."

"मला येत नाही."

"विश्रामलाही येत नव्हतं."

दिवस कलेपर्यंत तो कोरत बसला. दोनदा बोट कापून घेतलं. मी हळद आणून दिली, तर माझ्याकडं बघून लहान पोरासारखा हसला. शेवटी बैल झाला. आता बैल म्हणायचं म्हणून म्हणायचं. एक पाय आखूड, शिंगं म्हणावीत तर कान वाटत होते. पण मान खाली घालून ओढणारा तो बैलच होता.

बुवांनी तो हातात घेऊन निरखला.

"विश्रामचा पहिला ह्याहून वाईट होता," ते म्हणाले.

सदानंद मोठ्यानं हसला. डोळ्यांत पाणी आणि हसू एकदमच. बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं, मी नको नको म्हणत असताना माझ्याही पाया पडला. मग चाकू पुसून मिटताना पुन्हा थबकला. खाचेतली ती सैल जागा त्यानं अंगठ्यानं चाचपली.

"बुवा, मी आता रोज बसणार. पण रोज धार लावत गेलो, तर हा दहा वर्षांत संपेल हो."

बुवांनी आपली पळी पुन्हा हातात घेतली होती. मान वर न करता ते म्हणाले,

"दहा वर्षं बापाच्या मांडीला मांडी लावून काम करायला मिळायचं... कुणाला मिळतं रे?"