काळ्या रानातलं पेव

फार पूर्वी एका गावात राजाचा एक कारभारी राहायला आला. तेव्हा धान्य पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, तोंड लहान आणि पोट मोठं.

राजाचा हुकूम होता, दुष्काळासाठी गावात पेव भरून ठेवा. ज्वारी राजाची, मजुरी राजाची. कारभारी माणूस सरळ होता, एक दाणा इकडचा तिकडे केला नाही त्यानं. जागा तेवढी आपल्या मनानं ठरवली. रस्त्याकडेला, काळ्या रानात. राजाची स्वारी गेली तर दिसावं म्हणून.

गावात पेवं लिंपणारी एक म्हातारी होती. ती जागेबद्दल बोलायला दोनदा चावडीवर गेली. "आजी, काम उरकू द्या, मग बोलू," कारभारी दोन्ही वेळा म्हणाला. तिसऱ्यांदा ती गेली नाही.

दोन वर्षांनी पावसानं पाठ फिरवली. घरोघरची कणगी रिकामी झाली. पेव उघडायच्या दिवशी सगळा गाव टोपल्या घेऊन आला. झाकण निघालं तसा कारभारी धोतर खोचून उतरायला लागला. पहिली टोपली त्याला आपल्या हातानं द्यायची होती.

"कारभारी, पाय मागं घ्या," म्हातारी म्हणाली. तिनं पेटता दिवा दोरीला बांधून आत सोडला. दोन हात खाली जातो न जातो तोच दिवा विझला.

"आत वाईट हवा कोंडलीय. उतरला असता तर वर आला नसता."

कारभारी मागं सरला. पेव रात्रभर उघडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दिवा आत जळत राहिला, मग माणसं उतरली. वर आली ती कुजकी, बुरशी धरलेली ज्वारी. मूठभरही धड नव्हती.

"काळी माती ओल धरते," म्हातारी म्हणाली. "पेव गावठाणातल्या पांढऱ्या मातीत खणायचं. शेंबड्या पोराला विचारा."

कारभाऱ्यानं गावच्या पाटलाला विचारलं, "हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"पेव राजाचं. वाटलं, नासलं तर राजाचं नासेल."

म्हातारीनं आपली रिकामी टोपली पाटलापुढं ठेवली. "बघ, कुणाचं नासलं ते."

त्या उन्हाळ्यात निम्मा गाव पोट भरायला परमुलखात गेला. सगळे काही परतले नाहीत.

पुढच्या सुगीला कारभारी म्हातारीच्या अंगणात आला आणि जमिनीवरच बसला. "आजी, धान्य राजा देतोय. जागा कुठली धरायची?"

"दाखवते. पण खणायला गाव येणार, आणि झाकणावर दोन शिक्के बसणार. एक तुमचा, एक आमचा."

"आणि उघडताना?"

"दोघंही हजर. दिवा मी आणीन."

तात्पर्य एवढंच: देणाऱ्यानं आधी विचारावं, घेणाऱ्यानं वेळेवर बोलावं. काम दोघांचं असलं तरच भुकेच्या वेळी हाताशी येतं.