चार मुठी माती

बांधावरची बाभूळ अजून गुडघाभर होती, तेव्हाची ही गोष्ट. तिच्याखालच्या बिळात चार उंदीर भावंडं राहत. झोपायला ज्याची त्याची खोबण होती. बाकी कणसांचं कोठार, पुढचं दार आणि पळायची मागची वाट सगळ्यांची एकच. त्या वाटेच्या तोंडाशी मातीचं पातळ बूच असे, एका धडकेत फुटेल इतकंच.

थोरली कणसी रोज बजावायची, “बूच झिजलेलं दिसलं तर आधी हाक द्या, मग मूठभर माती लावा.”

एका सकाळी कणसीलाच बूच झिजलेलं दिसलं. एवढ्याशा कामाला हाक कशाला, म्हणत ती माती आणायला गेली. तेवढ्यात पाठच्या तिघांनीही एकेक करून ते पाहिलं आणि तेही माती आणायला गेले. परत आल्यावर आपली मूठ लावताना बूच आता किती जाड झालंय, हे कुणीच बघितलं नाही. मघाचं पातळ बूचच प्रत्येकाच्या डोक्यात होतं.

दुपारी पुढच्या दारातून धामण आत शिरली. धाकट्या भुऱ्याने बुचाला धडक दिली, पण ते हललं नाही. चौघं एकदम उकरायला लागली आणि एकमेकांच्याच तोंडावर माती उडवू लागली.

“एकेकाने उकरा,” कणसी म्हणाली आणि स्वतः सगळ्यांच्या मागे उभी राहिली. चौघं बाहेर पडली. कणसीची अर्धी शेपटी मात्र आतच राहिली.

नव्या बिळात भुऱ्याने विचारलं, “ताई, इतकी माती टाकली कुणी?”

“प्रत्येकाने एकच मूठ,” कणसी म्हणाली. “पहिली माझी, हाक न देता.”