रिकाम्या गाडीचे वजन

एकदा एक तरुण शर्यतीच्या मोटारीच्या ध्यासाने पछाडला गेला. त्याचे नाव धैर्यशील इंगवले, राहणार कोल्हापूर. विकत घेतलेल्या गाडीने शर्यत जिंकण्यात त्याला गोडी वाटत नव्हती. स्वतः घडवलेली गाडी स्वतः चालवावी, हा त्याचा हट्ट. या हट्टात त्याला मुनीर नदाफ नावाचा सोबती मिळाला. दोघे तंत्रनिकेतनात एका बाकावर बसलेले. धैर्यशीलने आराखडा काढला, मुनीरने लोखंडी नळ्या जोडून सांगाडा उभा केला, आणि मोटारसायकलचे इंजिन बसवलेली, गुडघ्याएवढ्या उंचीची एक चिमुकली गाडी तयार झाली. आत एकाच माणसापुरती जागा, तीही उजव्या अंगाला. डावीकडे इंजिन.

गाडी वेगवान निघाली, पण तिला एक खोड होती. डावे वळण ती अशी घेई, की पाहणाऱ्याने वाहवा करावी. उजव्या वळणावर मात्र चाके वळवली तरी तिचे नाक सरळच जाऊ पाही. धैर्यशीलने प्रथम दुर्लक्ष केले. मग वेग कमी करून पाहिला. शेवटी सरावाच्या दिवशी एका उजव्या वळणावर नाक सुटले ते सुटलेच, आणि गाडी कडेला रचलेल्या टायरांच्या भिंतीत घुसली.

त्याचे मनगट मुरगळले, ओठ फुटला. मुनीर धावत आला, त्याने पट्टे सोडवून त्याला बाहेर ओढले. आणि तेव्हा, भोवती चार संघांची माणसे उभी असताना, धैर्यशील त्याला म्हणाला, "तुझ्या वेल्डिंगवर जीव सोपवून बसलो, हीच माझी चूक झाली."

 गाडी ट्रकवर चढेपर्यंत मुनीरने हात लावला. मग हातातला पाना पेटीत ठेवला, हात धुतले आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो शेडवर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

धैर्यशीलने पुढच्या उजव्या चाकाचे जोडकाम कापून दुसऱ्या कारखान्यातून नवे करून आणले. गाडी बाहेर काढली. नाक पूर्वीसारखेच सुटले. म्हणजे दोष जोडकामात नव्हता. हे त्याला त्या क्षणी कळले. पण कळणे वेगळे आणि जाऊन सांगणे वेगळे. त्याने स्वतःची समजूत घातली, की आधी गाडी नीट करू, मग मुनीरकडे जाऊ. माणूस अवघड काम असेच पुढे ढकलतो, आणि त्याला क्रम असे नाव देतो.

त्याने कुठूनतरी चार वजनकाटे मिळवले, चारही चाकांखाली एकेक मांडला आणि मापे घेत बसला. इंजिनामुळे डावी बाजू जड होती, म्हणून बॅटरी आणि पेट्रोलची टाकी त्याने उजवीकडे हलवली. स्प्रिंगांखालच्या, भार कमीजास्त करणाऱ्या आट्यांच्या रिंगा वरखाली फिरवून, पुढच्या दोन चाकांवर सारखा भार आणि मागच्या दोन चाकांवर सारखा भार, असा मेळ त्याने आठवडाभर खपून साधला. आता आकड्यांत तसूभर दोष नव्हता. मोठ्या आशेने तो गाडी घेऊन मैदानावर गेला. उजवे वळण आले आणि नाक सुटले.

शर्यत तोंडावर आली होती. मनगट अजून दुखत होते. खरे सांगायचे तर धैर्यशीलला आता त्या वळणाची भीती वाटू लागली होती, आणि ही गोष्ट बोलून दाखवावी असा एकच माणूस त्याला माहीत होता. त्याच माणसाला त्याने हाकलले होते.

तेव्हा त्याला मगदूम सर आठवले. सर तंत्रनिकेतनात दोघांना यंत्रशास्त्र शिकवीत. तरुणपणी त्यांनी स्वतः शर्यतीच्या गाड्या बांधल्या होत्या, चालवल्याही होत्या. निवृत्तीनंतर शहराबाहेर माळावर घर बांधून ते राहत होते. घरामागे एक शेड होती. तिची जमीन त्यांनी पाण्याच्या नळीने पातळी पाहून इतकी समतल केली होती, की गोटी ठेवली तर ठेवल्या जागी राहावी.

धैर्यशील गाडी घेऊन गेला. त्याने सगळे सांगितले. अपघात सांगितला, मोजमापे सांगितली, बॅटरी हलवल्याचे सांगितले. मुनीरचे नाव मात्र त्याने घेतले नाही.

सरांनी काटे मांडायला लावले. चष्मा पुसून चारही आकडे पाहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "फार निगुतीने केलं आहेस."

"मग असं का होतंय, सर?"

 सर म्हणाले, "तुझा पोशाख आणला आहेस?"

"आहे ट्रकमध्ये."

"घालून ये. बूट, हातमोजे, हेल्मेट, सगळं."

धैर्यशीलला वाटले, सर गाडी चालवून पाहायला सांगणार. तो तयार होऊन आला. सर म्हणाले, "काट्यांवरून गाडी हलवायची नाही. आत बस. पट्टे बांध. इंजिन चालू करू नकोस."

तो बसला. स्टिअरिंगवर हात ठेवून, समोर भिंतीकडे पाहत राहिला. बंद गाडीत, बंद शेडमध्ये, हेल्मेट घालून. त्याला स्वतःचेच हसू आले, मग संकोच वाटला, मग थोडा रागही आला. सरांनी एक स्टूल ओढले आणि ते निवांत बसून राहिले.

"आता काट्यांवर काय दिसतं ते सांग," सर म्हणाले.

धैर्यशीलने मान वाकवली. पट्ट्यांनी खांदे जखडलेले. पुढची चाके नाकाच्या आड, मागची पाठीमागे. "मला इथून दिसत नाही, सर."

"उतरून बघ."

तो अभावितपणे पट्टा सोडू लागला आणि थांबला. उतरले की आकडे पुन्हा पहिल्यासारखेच होणार, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने सरांकडे पाहिले. "तुम्ही वाचा ना, सर. तुम्ही समोरच आहात."

"मी वाचणार नाही."

"का?"

"मी सांगितलेला आकडा तू खिशात घालून जाशील. शर्यतीच्या दिवशी मी मैदानावर नसेन. तुझ्या गाडीचा प्रत्येक सांधा कोण ओळखतं? ज्यानं तो जोडला त्याला बोलाव."

 हेल्मेटच्या आत धैर्यशीलला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. तो म्हणाला, "तो येणार नाही, सर."

"असं त्यानं सांगितलं?"

"नाही. मी विचारलं नाही."

"मग ते उत्तर तुझं आहे, त्याचं नव्हे," सर म्हणाले, आणि उठून चहा टाकायला आत गेले.

मुनीर त्या वेळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला होता. धैर्यशीलने फोन केला. मुनीरने उचलला नाही. तेव्हा तो त्याच पोशाखात ट्रक घेऊन निघाला. शर्यतीचा झगझगीत पोशाख घातलेला माणूस दारात पाहून कारखान्यातली माणसे हातातले काम सोडून बघत राहिली. मुनीरने तोंडावरचा वेल्डिंगचा पडदा वर केला.

"आता काय मोडलंस?" तो म्हणाला.

धैर्यशीलने वाटेत बरेच काही जुळवले होते. त्यातले एकही वाक्य तोंडातून आले नाही. "तुझं जोडकाम कापलं मी," तो म्हणाला. "दुसरीकडनं करून आणलं. तरी नाक सुटतंय."

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"होय."

"हे तुला कधी कळलं?"

"कापलं त्याच आठवड्यात."

मुनीरने त्याच्याकडे नीट पाहिले. "आणि आज आलास."

"चुकलं माझं, मुनीर. चार लोकांत बोललो. आज चार लोकांतच सांगतो." त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. एका कामगाराने उगाच हातोडी उचलून खाली ठेवली.

मग धैर्यशीलने सरांनी बोलावल्याचे सांगितले. मुनीरने ट्रॉलीचा चालू सांधा पुरा केला. मग मालकाला सांगून आला आणि म्हणाला, "सरांनी बोलावलंय म्हणतोस म्हणून येतोय. तुझ्यासाठी नव्हे." हे बोलून तो ट्रकमध्ये बसला, आणि माळ येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला.

शेडमध्ये धैर्यशील पुन्हा गाडीत बसला, पट्टे बांधले. मुनीरने प्रत्येक कोपरा दोन्ही हातांनी दाबून गाडी नीट बसू दिली. मग तो गुडघ्यावर टेकला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचू लागला. पुढचे डावे. पुढचे उजवे. मागचे डावे. मागचे उजवे.

गाडी रिकामी असताना धैर्यशीलने साधलेला मेळ पुरता ढासळला होता. उजवी बाजू जड झाली होती, हे तर उघडच. पण भार सरळ उजवीकडे गेला नव्हता. तो मागच्या उजव्या चाकावर जाऊन बसला होता आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातले, पुढचे डावे चाक दाबले गेले होते. उरलेली दोन चाके, पुढचे उजवे आणि मागचे डावे, जमिनीला जेमतेम टेकून होती. एक पाय आखूड असलेल्या बाजेसारखी ती गाडी तिरकी उभी होती, आणि आत बसणाऱ्याला याचा पत्ता नव्हता.

मुनीर पाना घेऊन मागच्या डाव्या चाकाकडे गेला.

"अरे, नाक सुटतंय," आतून धैर्यशील म्हणाला. "पुढचं बघ. मागं काय करतोयस?"

"तू गप बस," मुनीर म्हणाला. "हलू नकोस."

सर हसले. मुनीरने मागच्या डाव्या स्प्रिंगखालची रिंग फिरवली, गाडी दाबून सोडली, आणि पुढच्या उजव्या चाकाचा आकडा वाचला. तो वाढला होता. बाजेचा एक पाय उचलावा आणि समोरचा कोपरा खाली टेकावा, तसे. मग बॅटरी उजवीकडून काढून डावीकडे बसवली. रिंग पुन्हा थोडी फिरवली. असे करत करत, एका कर्णावरच्या दोन चाकांची बेरीज दुसऱ्या कर्णावरच्या दोन चाकांच्या बेरजेला येऊन मिळाली.

"उजवी बाजू अजून जडच आहे," धैर्यशील म्हणाला. "तीही सारखी करूया की."

तेव्हा सर बोलले. "ती राहू दे. तिथे तू बसतोस. स्प्रिंग फिरवून ते वजन नाहीसं होणार नाही. तू आठवडाभर गाडी तोललीस, आणि अचूक तोललीस. पण तोलताना तू बाहेर उभा होतास. रिकामी गाडी अगदी समतोल होती आणि रिकामी गाडी कुठेच जात नाही. आपण आत बसलो की कोणत्या कोपऱ्यावर किती भार पडतो, हे आपल्याला तिथून दिसत नाही. आणि पाहायला उतरलो, तर तो भारच नाहीसा होतो. म्हणून ज्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवता येईल असा माणूस गाडीपाशी गुडघ्यावर बसलेला लागतो. तो आकडा खरा सांगतो की नाही, एवढंच पाहावं. तो तुझ्यावर प्रसन्न आहे की नाही, हा निराळा प्रश्न."

शेवटच्या वाक्यावर मुनीरने मान खाली घातली आणि पाना पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मैदानावर उतरली. उजव्या वळणाशी आल्यावर धैर्यशीलचे मनगट आपोआप आवळले गेले. त्याने स्टिअरिंग वळवले. नाक वळले. पुढच्या फेरीत त्याने थोडा अधिक वेग घेतला. नाक पुन्हा वळले. डावे वळण मात्र आता पूर्वीइतके चपळ राहिले नव्हते. दोन्ही वळणे सारखी झाली होती, आणि तो पूर्वी ज्याला गाडीचा गुण समजत होता, ती त्याच दोषाची दुसरी बाजू होती, हे त्याला तिथे चालवताना उमगले. शर्यतीत तो पहिला आला नाही, दुसराही आला नाही. परंतु एकदाही घसरला नाही.

शर्यतीनंतरच्या आठवड्यात दोघे गाडी घेऊन सरांच्या शेडमध्ये काटे परत न्यायला गेले. जमीन तिथलीच समतल, म्हणून एकदा अखेरचे माप घ्यावे असे ठरले. मुनीरने सवयीने जमिनीवर गुडघा टेकला.

"थांब," धैर्यशील म्हणाला. "आज तू आत बस."

"मी कशाला? मी काय चालवणार आहे?"

"का नाही? निम्मी गाडी तुझीच आहे. बस तरी."

मुनीर कुरकुरत आत शिरला. तो धैर्यशीलपेक्षा बुटका आणि अंगाने रुंद. पट्टे सैल करावे लागले. बसल्यावर त्याने आपसूक स्टिअरिंगवर हात ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे पाहिले. त्याचा चेहरा गंभीर झाला.

धैर्यशील जमिनीवर बसला. काट्यांवर वेगळेच आकडे उमटले होते. इतक्या खटपटीने जुळवलेला मेळ पुन्हा बिघडला होता. यावेळी दुसऱ्याच कोपऱ्यात.

"किती दाखवतंय?" आतून मुनीरने विचारले. "मला इथून काही दिसत नाही."

"सांगतो," धैर्यशील म्हणाला. आणि घाई न करता, एकही आकडा न लपवता, तो त्याला एकेक कोपरा वाचून दाखवू लागला.