हलव्याचा कावळा

एका गावात एका घरी नवी सून आली. त्या घरातल्या सासूबाईंना सगळं सरळ लागायचं.

सासूबाई स्वभावानं वाईट नव्हत्या. रागवायच्या नाहीत, टाकून बोलायच्या नाहीत. सुनेनं पोळ्या केल्या की त्यांची चवड तेवढी परत लावायच्या. सुनेनं साडीची घडी घातली की ती उलगडून पुन्हा घालायच्या. तिनं अंगणात रांगोळी काढली की जाता जाता वाकून एखादा ठिपका बोटानं सरकवायच्या आणि म्हणायच्या, “आता कसं छान दिसतंय!”

सून मान डोलवायची. ती मुळातच कमी बोलायची, आणि नव्या घरात शब्दसुद्धा पदराखाली झाकून ठेवावे लागतात.

संक्रांतीचा हलवा करावा तर या सासूबाईंनीच. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, वर थोडा थोडा पाक, आणि बोटांनी तीळ हलवत राहायचं. घाई झाली की त्याचे गोळे होतात. धीर धरला की दाण्यादाण्याला काटे फुटतात. सासूबाईंच्या हलव्याचे काटे बघायला गल्लीतल्या बायका चष्मा लावून यायच्या.

सुनेची ती पहिली संक्रांत होती. काळी साडी नेसून अंगावर हलव्याचे दागिने घालायचे होते. हार, बिंदी, कमरपट्टा सासूबाईंनी केला. एक बाजूबंद मात्र सुनेनं स्वतः करायला घेतला. दोऱ्यानं एकेक दाणा बांधत तो पुरा केला आणि जरा आडवी झाली. उठून बघते तर बाजूबंद सगळा सोडवून नव्यानं बांधलेला! एक दाणा इकडचा तिकडे नाही.

हळदीकुंकवाला सासूबाई मोठ्या मनानं सगळ्यांना सांगत होत्या, “बाजूबंद सुनेच्या हातचा बरं का!”

“अगं बाई, किती सुबक! दाखव बघू जवळून,” बायका म्हणाल्या.

सुनेला हात पुढे करवेना. कौतुक तिचं होतं, पण बाजूबंद तिचा नव्हता.

सण सरला. डब्यात हलवा उरला. चांगला नव्हे, तो वाटून संपला होता. उरला तो बोडका, एकमेकांना चिकटलेला, काटे न आलेला. “मुंग्यांच्या नशिबाचा,” सासूबाई म्हणाल्या आणि डबा फळीवर ढकलला.

शेजारी बकुळ नावाची एक चिमुरडी राहत होती. रथसप्तमीला तिच्या तान्ह्या भावाचं बोरन्हाण होतं. बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे. सगळ्यांची मजा होते. बाळाला कुणी विचारत नाही.

बकुळ दारात येऊन उभी राहिली. “नवी काकू, बाळाचे दागिने मी करणार. आईला सांगितलंय. पण मला येत नाहीत.”

“मग कसं करायचं?”

“तू शिकव. पण करणार मीच.”

सुनेला हसू आलं. तिनं फळीवरून डबा काढला. लग्नातल्या पत्रिका गठ्ठ्यानं उरल्या होत्या. त्यांच्या जाड कागदाचा मुकुट कापला, सोनेरी बाजू बाहेर आणि नवरानवरीची नावं आत. कणकेची खळ शिजवली. बकुळनं मुकुटावर खळ फासली आणि बोडके दाणे ओळीनं बसवले. ओळ चढत चढत कानाकडे गेली, ती तिकडेच राहिली.

मग हार. बकुळ एकेक दाणा आधी चाटायची आणि मग दोऱ्यात बांधायची.

“चाटतेस कशाला गं?”

“चाटल्यावर दोरा चिकटतो.”

सासूबाईंना काटे आणायला सारी दुपार लागायची. बकुळला उरलेसुरले घालवायला एक जीभ पुरत होती.

हार झाला. मधोमध चिकटलेल्या हलव्याचं एक मोठं ढेकूळ, त्याला इकडून तिकडून बांधलेले दाणे आणि काळ्या दोऱ्याचे वेढेच वेढे. बकुळ तो बघत राहिली, मग जपून सुनेच्या हातात देऊन म्हणाली, “बोरन्हाणापर्यंत तुझ्याकडेच ठेव. आमच्याकडे मुंग्या आहेत आणि मीपण आहे.”

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ताटलीतला हार उचलला.

“हे काय ढेकूळ! अगं, चार बायका येणार. आपल्या घरून असं गेलेलं बरं दिसतं का? पोर झोपली असेल आत्ता. सोडव आणि नीट बांधून ठेव. तिला काय कळतंय!”

“हो आई,” सून म्हणाली. तिला तेवढंच म्हणायची सवय झाली होती.

ती हार घेऊन खिडकीशी बसली. खरं तर तिलाही ते ढेकूळ खटकत होतं. तिनं एक गाठ सोडवली. एक टोकदार दाणा सुटून तळहातावर पडला, आणि एकदम तिला आपला बाजूबंद आठवला. झोपेतून उठून बघितलेला, सुबक, परका.

तिची बोटं थांबली. हार नीट झाला तर सासूबाई खूश होणार होत्या आणि बकुळला शाबासकी मिळणार होती. पण आपला न राहिलेल्या हाराची शाबासकी घेताना बकुळला कसं वाटेल, हे गल्लीत फक्त सुनेलाच ठाऊक होतं.

सून उठली. “आई, मी हा सोडवत नाही,” ती म्हणाली. शब्द एकदाचे पदराबाहेर आले. सासूबाई काही बोलायच्या आत ती हार घेऊन शेजारी गेलीसुद्धा.

“बकुळ, माझ्या हातून एक दाणा सुटला बघ.”

बकुळनं दाणा बघितला. “दाणा कसला? ती चोच आहे!”

“कुणाची?”

“कावळ्याची. बाळ दुसऱ्या कशाला हसतच नाही.” सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट सांगावी तशी ती म्हणाली, आणि चोच चाटून जागेवर बांधून टाकली.

सुनेनं पुन्हा बघितलं. कावळाच होता. मान तिरकी करून बसलेला.

रथसप्तमीला बाळाला पाटावर बसवलं. मुकुट एका कानावर आला. बायकांनी गलका केला, पहिली ओंजळ डोक्यावरून ओतली आणि बाळानं भोकाड पसरलं. आईनं थोपटलं, मावशीनं खुळखुळा वाजवला, बाळ निळंजांभळं व्हायला लागलं.

बकुळ पुढे झाली. हारातलं ढेकूळ बाळाच्या नाकासमोर धरून म्हणाली, “काव!”

बाळ थांबलं. ढेकळाकडे बघितलं. मग खुदकन हसलं, आणि कावळ्याची चोच थेट तोंडात घातली. दुसरी ओंजळ पडली तरी त्याला पत्ता नव्हता.

“हे कुणी केलंय?” एक बाई सासूबाईंना म्हणाली. “तुमच्या हातचं नाही वाटत.”

सासूबाईंनी बकुळकडे बघितलं. ती सगळ्यांसमोर हात पसरून उभी होती, जणू दागिने तिनंच घातले होते.

“माझ्या हातचं नाहीच,” त्या म्हणाल्या. “बकुळच्या हातचं आहे. कावळा आहे तो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं अंगणात रांगोळी काढली. एक पाकळी वाकडी आली. सासूबाई तुळशीला पाणी घालून परतल्या, थांबल्या, वाकल्या. बोट ठिपक्यापर्यंत गेलं आणि तिथूनच मागे आलं.

“हा काय, कावळा का?” त्यांनी विचारलं.

“नाही आई, कमळ आहे.”

“असेल, असेल,” म्हणत सासूबाई पाकळीवर पाय पडू नये म्हणून पदर सावरून बाजूनं गेल्या.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हातचं वाकडं सरळ करायला जाण्याआधी, ते काय आहे एवढं एकदा विचारावं.