गोजराचा बांध

गादीवर कोणता राजा होता हे आता कुणालाच आठवत नाही, इतकी ही जुनी गोष्ट. तेव्हा एका मुलखात प्रत्येक विहिरीचं आपलं वेगळं गाणं असे. मोट हाकणारा ते गाई, आणि एका विहिरीचं गाणं दुसऱ्या विहिरीवर कुणी म्हणत नसे.

त्या मुलखातली एक तीन वर्षांची पोर यात्रेत हरवली. ती तिथं आलेल्या परमुलखातल्या एका विणकर जोडप्याला सापडली. पोरीला ना गावाचं नाव सांगता येई, ना बापाचं, ना स्वतःचं. पुष्कळ शोध घेऊन शेवटी त्यांनी तिला पोटच्या लेकीसारखं वाढवलं. ती तिकडची भाषा शिकली, आपली पार विसरली. उरलं एक गाणं. माग करकरला की अर्थ कळत नसतानाही ती गाऊ लागे,

“चल रं हरण्या, चल रं चांद्या,
पाणी निघालं गोजराच्या बांधा!”

मोठी झाल्यावर तिला एकाच प्रश्नानं पछाडलं. आपण कुणाचे? विणकरीण म्हणाली, “जा बाळ, शोध. नाही सापडलं तर हे घर तुझंच आहे.”

ती निघाली. विचारत विचारत त्या मुलखात पोचली, तिथली भाषा पुन्हा शिकली, आणि गोजरा म्हणजे आपलं गावच, असा गाण्याचा अर्थ लावला. परक्या विहिरीवर आपलं गाणं म्हणायची रीत नव्हती, म्हणून विहिरीविहिरीवर नुसतं विचारू लागली, “गोजराचं गाव कुठं आलं?” लोक हसत. असलं गाव कुणी ऐकलंच नव्हतं.

वर्ष गेलं. पाय सोलून निघाले. आता ही शेवटची विहीर, मग परत फिरायचं, असं तिनं ठरवलं. तिथं एक म्हातारा मुकाट्यानं मोट हाकत होता. जिथं गाणंच नाही तिथं विचारायचं काय? पाणी पिऊन ती वळली.

तेवढ्यात मोटेचं चाक करकरलं आणि सवयीनं तिच्या तोंडून गाणं निघालं.

म्हाताऱ्याच्या हातातून कासरा गळून पडला. “ह्ये गाणं तुला कुनी शिकवलं? माझी लेक हरवल्यापास्नं म्या ते व्हटावर आणलं न्हाई.”

“ठाऊक नाही, बाबा. मी गोजराचं गाव हुडकतेय.”

म्हातारा ढसाढसा रडू लागला. “गोजरा गाव न्हवं गं! लेक माझी. मोटेच्या दोरावर तिला मांडीत घेऊन बसायचो, तिच्याच नावानं पाणी सोडायचो. गोजरा तूच हाईस, बाय!”

गावोगाव ती पत्ता विचारत होती तो स्वतःचाच. खरंच, धन्य त्या दोन ओळींची! नाव, गाव, भाषा, सगळं हरवलं, पण त्यांनी पोर हरवू दिली नाही.

त्या दिवसापासून त्या विहिरीवर पुन्हा गाणं सुरू झालं, आणि तेही दोन आवाजांत.

तात्पर्य: लहानपणी कानावर पडलेलं आपलं गाणं जपावं, आपण स्वतःला विसरलो तरी ते आपल्याला विसरत नाही.